माझ्याच वयाचा विषाणू

माझा जन्म मलकापूरला एका खासगी दवाखान्यात झाला आणि त्या दिवशी आई मरता मरता वाचली. ही हकिगत आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की ती मला स्वतःलाच आठवते, असं वाटायला लागलं. आईचं माहेर मोताळा तालुक्यातलं. पहिलं बाळंतपण म्हणून ती तिकडे गेली होती. मी झाले आणि तिचं रक्त काही थांबेना. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, दवाखान्याच्या दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचा रक्तगट सांगत होते. त्यांचं स्वतःचं रक्त जुळत नव्हतं. बाबा इकडे आमच्या गावी, अमडापूरला, त्यांना अजून निरोपही पोचला नव्हता. तेवढ्यात आपल्या काकीचा डबा घेऊन आलेला एक तरुण थांबला. रोहिणखेडचा, पिंजाऱ्याच्या घरचा, कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारा. माझा गट हाच आहे, मागं एकदा तपासला होता, घ्या म्हणाला. एक बाटली रक्त त्यानं दिलं, आजोबांनी आणलेला चहा घेतला, काकीला डबा दिला आणि मलकापुरातली कामं उरकायला निघून गेला.

आजोबांनी त्याचं नाव विचारून ठेवलं होतं. आईनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, कारण ती तेव्हा शुद्धीतच नव्हती. पण माहेराचा विषय निघाला की ती त्याला "रोहिणखेडचा भाऊ" म्हणायची. एकदा जाऊन भेटायला पाहिजे, हे ती दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, म्हणायची. बत्तीस वर्षं झाली, तरी तिचं जाणं झालं नाही. माणूस ज्याच्यामुळे जगतो त्याच्याकडे जायला त्याला वेळ मिळत नाही, हे मी आमच्याच घरात पाहिलं.

मग ते गुलाबी बोंडअळीचं साल आलं. बीटीचं बियाणं आलं तेव्हा बोंडअळीचं नाव विसरा, असं सगळ्यांना सांगण्यात आलं होतं आणि पहिली काही वर्षं ते खरंही होतं. बाबांनी सहा एकर कपाशी लावली होती. झाडं कमरेएवढी, बोंडं भरगच्च. पण फुलं उमलेनात. पाकळ्या एकमेकींत गुंतून मिटलेल्याच राहायच्या, अशा फुलाला आमच्याकडे डोमकळी म्हणतात. बाबा हिरवं बोंड अंगठ्याच्या नखानं फोडायचे आणि आत बघत उभे राहायचे. वरून बोंडावर एक डाग नसायचा, आणि आत गुलाबी अळी सरकी खाऊन सुस्त पडलेली असायची. त्या वर्षी फवारे वाढले. फवारताना माणसांना विषबाधा झाल्याच्या बातम्या पेपरात रोज यायच्या.

मी चिखलीला शाळेत विज्ञान शिकवते आणि सुटीच्या दिवशी अमडापूरला जाते. अशाच एका रविवारी आई वेचणीला गेली नव्हती. कापूस वेचताना बाया कमरेला फडक्याची ओटी बांधतात, ती बांधली की डाव्या कुशीत दुखतं, असं तिचं म्हणणं होतं. अर्धी भाकर खाल्ली की पोट गच्च व्हायचं. हातावर काळेनिळे डाग होते, आणि कुठं काही लागल्याचं तिला आठवत नव्हतं. बाबा म्हणाले, पित्त असेल. मी तिला दुसऱ्या दिवशी चिखलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पार बेंबीपर्यंत आली होती. आधी मलेरियाची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. रक्तात पांढऱ्या पेशी जास्त आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी निघाल्या. डॉक्टरांनी औरंगाबादच्या रक्तविकारांच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

जालन्यामार्गे जाणाऱ्या बसमध्ये बाबा सारखे एकच सांगत होते, फवाऱ्यानंच झालं हे. आई फवारणीच्या दिवशी त्यांना पाणी आणून द्यायची. तेवढ्यासाठी ते स्वतःला दोष देत होते.

औरंगाबादच्या डॉक्टर माझ्यापेक्षा थोड्याशाच मोठ्या असतील. त्यांनी आईच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासायला पाठवली, रक्ताच्या अनेक तपासण्या लिहिल्या, आणि चार दिवसांनी परत बोलावलं. मी विज्ञान शिकवते हे त्यांच्या लक्षात होतं. बघायचंय का, म्हणून त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, सूक्ष्मदर्शकाखाली आईच्या रक्ताची काच लावली आणि बाजूला झाल्या.

शाळेत मी मुलांना कांद्याची साल दाखवते. तेवढीच माझी मजल. इथं फिकट गुलाबी मैदानावर आईचं रक्त पसरलं होतं. तांबड्या पेशी ताटल्यांसारख्या होत्या आणि मध्ये मध्ये मोठ्या, जांभळ्या, गोल. त्या जांभळ्यांपैकी बऱ्याच पेशींच्या एका टोकाला बारीक केस फुटले होते. मी बराच वेळ डोळा काढला नाही. मागून आईचा आवाज आला, मलेही पाहू दे. ती कधी खोलीत आली ते कुणालाच कळलं नव्हतं. डॉक्टरांनी तिला स्टुलावर बसवलं, डोळा कुठं लावायचा ते दाखवलं. आई वाकली आणि म्हणाली, "हे तं सरकी दिसून राह्यली."

खरंच तशाच होत्या त्या. कापूस ओढून काढल्यावर सरकीवर जे बारीक तूस राहतं, तेच त्यांच्या टोकाला होतं. डॉक्टरांना सरकी माहीत नव्हती. मी त्यांना समजावून सांगितल्यावर त्यांनी पुन्हा एकदा काचेकडे पाहिलं आणि आपल्या वहीत तो शब्द टिपून घेतला.

मग त्यांनी आम्हाला तिघांना समोर बसवलं. या लसिका पेशी, त्या म्हणाल्या, शरीराच्या राखणदार. त्यांचाच कर्करोग झालाय, त्याला लिम्फोमा म्हणतात, आणि या प्रकारचा लिम्फोमा पानथरीत घर करतो. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आईनं किती दिवस उरलेत ते सरळ विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, हा हळू चालणारा आजार आहे, दिवस मोजायचे नाहीत. पण मला आधी वेगळंच विचारायचंय. तुम्हाला कधी कुणाचं रक्त चढवलं होतं का?

आईनं मलकापूरची हकिगत सांगितली. नेहमी सांगते तशीच, माझ्याकडे बोट दाखवून, ही झाली तेव्हा, असं म्हणत. डॉक्टर ऐकत राहिल्या. नंतर त्यांनी एक कागद पुढं केला. आईच्या रक्तात हेपॅटायटिस सी चा विषाणू सापडला होता.

पुढं त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा नुसतं ऐकलं आणि नंतर कित्येक दिवस बसून समजून घेतलं. तो विषाणू यकृतात राहतो हे बहुतेकांना माहीत असतं. पण तो रक्तात फिरतो तेव्हा राखणदार पेशींना सतत डिवचत असतो. पेशी त्याच्यासाठी वाढतात, दुप्पट होतात, पुन्हा वाढतात. एक-दोन आठवड्यांत संपणारं दुखणं असतं तर त्या थांबल्या असत्या. पण हा जात नाही, त्यामुळे त्यांनाही थांबता येत नाही. वर्षानुवर्षं इतक्या वेळा दुप्पट होताना एखाद्या पेशीच्या नकलेत चूक होते, आणि मग ती स्वतःच वाढत सुटते. डॉक्टर म्हणाल्या, फवारणीनं काहीच होत नाही, असं मी म्हणत नाही, पण यांच्या बाबतीत पुरावा या विषाणूकडे बोट दाखवतोय. बाबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

मी हिशेब केला. विषाणू आईच्या अंगात शिरला तो त्याच दुपारी, ज्या दुपारी मी तिच्या अंगातून बाहेर आले. आम्ही एका वयाचे. मी रांगले, शाळेत गेले, लग्न होऊन चिखलीला आले, आणि तेवढा सगळा काळ तो तिच्या रक्तात फिरत होता. ती त्याला घेऊन निंदत होती, वेचत होती, माझी बाळंतपणं करत होती. त्या काळी या विषाणूला नावसुद्धा मिळालेलं नव्हतं, त्यामुळे दवाखान्यात कुणी तपासला नाही, यात कुणाची चूक नव्हती. ज्या बाटलीनं तिला वाचवलं तिच्यातूनच हे आलं असावं. मला राग यायला हवा होता. पण मला नुसतं खूप उंचावरून खाली पाहिल्यासारखं वाटत होतं.

डॉक्टरांनी कर्करोगाचं औषध दिलंच नाही. आधी विषाणू काढू, त्या म्हणाल्या, मग पानथरी काय करते ते बघू. काही रुग्णांमध्ये विषाणू गेला की हा लिम्फोमाही मागं हटतो. सगळ्यांमध्ये नाही. नाही हटला तर दुसरी औषधं आहेतच. तीन महिने रोज गोळ्या घ्यायच्या होत्या. परतीच्या बसमध्ये बाबांना शंका येत होती की डॉक्टरांनी हात झटकले, नाहीतर कॅन्सरला कुणी नुसत्या गोळ्या देतं का.

निघताना डॉक्टर आणखी एक गोष्ट बोलल्या होत्या. ज्यानं रक्त दिलं तो माणूस हयात असेल आणि हा विषाणू त्याच्याकडून आलेला असेल, तर तो अजूनही त्याच्या अंगात असणार. यकृत आतून कडक होत जातं आणि शेवटपर्यंत काही कळत नाही. त्याला सांगायला हवं.

बाबांना ते पटेना. भल्या माणसाच्या दारात जाऊन, तुझ्या रक्तानं माझ्या बायकोला कॅन्सर झाला, असं कसं सांगायचं? त्याला काय वाटेल? आणि गावात कळलं तर लोक कशाचं काय करतील, कोणाच्या जातीधर्मावर नेतील, हे काय आपल्याला माहीत नाही? त्यांचं भय खोटं नव्हतं. आमच्याच भावकीतल्या एकानं ते वाकडं बोलून दाखवलंही होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आई चांगलं लुगडं नेसली आणि बाबांना म्हणाली, "त्यानं रक्त द्याच्या वक्ती माही जात इचारली नव्हती. आता त्याले कोनी सांगनारं नाई. मी नाई गेली तं कोन जाईन?"

बाबाही आले. चिखली, बुलढाणा, मोताळा, आणि तिथून रोहिणखेड. जुन्या मशिदीच्या अलीकडच्या गल्लीत गादीवाल्याचं घर कुणीही दाखवलं. ओसरीत विजेवर चालणारं पिंजण्याचं यंत्र होतं आणि हवेत कापसाचं तूस तरंगत होतं. साठीकडे झुकलेला, बारीक अंगाचा माणूस भुवयांवरचं तूस पुसत बाहेर आला. त्याच्या बायकोनं आम्हाला बसायला नवी, अजून न विकलेली गादी टाकली.

त्याला मलकापूरचं नीट आठवेना. काकी दवाखान्यात होती हे आठवत होतं, सुई टोचली होती हेही. बाई जगली की गेली, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आईनं माझा हात धरून मला पुढं केलं आणि सांगितलं की मी ती बाई, आणि ही त्या दिवशीची पोरगी. तो माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिला की मला खाली बघावं लागलं.

मग आईनं दुसरं सांगितलं. मी शास्त्राचं सांगणार असं घरून ठरलं होतं, पण तिनं मला बोलू दिलं नाही. तिनं तिच्या भाषेत सगळं सांगितलं, पानथरी, सरकीसारख्या पेशी, रक्तातला किडा जो डोळ्याला दिसत नाही. त्याचा चेहरा उतरत गेला. तो म्हणाला, "म्हंजे माह्यामुळं झालं तुमाले हे?"

"तुमच्यामुळं मी बत्तीस वर्सं जगली, भाऊ," आई म्हणाली. "मले तेवढंच मालूम आहे. आता तुमी तपासून घ्या. मले तुमचा जीव पाह्यजे."

यंत्र बंद होतं. त्याची बायको पदर डोळ्याला लावून आत गेली आणि चहा ठेवल्याचा आवाज आला. त्यानं सांगितलं की लहानपणी तो फार आजारी असायचा आणि गावात येणारा एक डॉक्टर एकाच सुईनं सगळ्या पोरांना टोचायचा. तिथून आलं असेल का? मी म्हणाले, असू शकतं, कुणालाच आता सांगता येणार नाही. त्यानं मान हलवली. बाबांनी मग त्याला कपाशीचं विचारलं. त्यानं कवडी झालेला, म्हणजे नीट न फुटलेला, अळीनं डागाळलेला कापूस मुठीत घेऊन दाखवला. यंदा गादीत भरायलाही धड कापूस मिळत नाही, म्हणाला. दोघं त्या मुठीकडे बघत बराच वेळ बोलत बसले.

तपासणीत त्याच्या रक्तात विषाणू निघाला, तोही आईच्या विषाणूच्याच प्रकारचा. यकृत कडक व्हायला लागलं होतं, पण अजून वेळ हातात होता. औरंगाबादच्या डॉक्टरांनी त्यालाही गोळ्या सुरू केल्या. त्या तीन महिन्यांत आई मला रोज सकाळी फोन करायची आणि तिनं गोळी घेतली हे सांगायच्या आधी विचारायची, रोहिणखेडला गोळी घेतली का? मग मी तिकडे फोन लावायची.

गोळ्या सुरू होऊन महिना झाला तेव्हाच आईच्या रक्तात विषाणू सापडला नाही. डॉक्टरांनी आम्हाला लगेच आनंदू दिलं नाही. गोळ्या संपल्या, आणखी तीन महिने गेले, तरी तो परत आला नव्हता. तोपर्यंत बाबांनी कपाशी वेळेआधीच उपटून टाकली होती आणि शेतात हरभरा हिरवा होऊन कापून झाला होता. आईच्या पोटावर डॉक्टर दर वेळी बोटांनी मोजायच्या. पानथरी आधी बेंबीशी होती, मग चार बोटं वर गेली, मग बरगडीखाली. हातावरचे डाग गेले. ती पूर्ण भाकर खाऊन वर भात मागायला लागली. वर्षभरानं डॉक्टरांनी मला पुन्हा आतल्या खोलीत बोलावलं. मी काच इकडून तिकडे सरकवत पूर्ण पाहिली. केस असलेली एकही पेशी मला सापडली नाही. डॉक्टरांनाही नाही. त्या म्हणाल्या, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच बघतेय.

मी तिथं खुर्चीवर बसले. ना चाकू, ना किरणं, ना केस गळवणारी औषधं. डिवचणारा गेला आणि बिथरलेल्या पेशी शांत झाल्या. आपल्या आत अशी काही समज असेल, थांबायची, मागं फिरायची, हे मला कधी कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही मुलांना शिकवलं नव्हतं. डॉक्टरांनी मला अतिशयोक्ती करू दिली नाही. प्रत्येक लिम्फोमा विषाणूमुळे होत नाही, त्या म्हणाल्या, आणि विषाणूमुळे झालेला प्रत्येक लिम्फोमा असा मागं हटत नाही. आणखी एक विषाणू आहे. लहानपणी साध्या तापासारखा येतो, आणि आयुष्यभर आपल्या लसिका पेशींत झोपून राहतो. तुमच्यात असेल, माझ्यातही असेल, बहुतेक सगळ्यांच्यात असतो. लाखो माणसांना तो काहीही करत नाही, आणि एखाद्यालाच गाठींचा कर्करोग होतो. त्यालाच का, हे अजून नीट कळलेलं नाही. आईच्या तपासण्याही दर सहा महिन्यांनी चालूच राहणार होत्या. आजही चालू आहेत.

त्या दिवशी उठताना आईनं डॉक्टरांना विचारलं की आता मी कुणाला रक्त देऊ शकते का. डॉक्टरांनी नाही म्हटलं, तुमचं रक्त आता कधीच कुणाला देता येणार नाही. एवढं सगळं शांतपणे ऐकून घेणाऱ्या आईला हे फार लागलं. परतीच्या बसमध्ये देऊळगाव राजा आलं तेव्हा तिनं मला विचारलं, "तो इषाणू जिता असते का व?"

पुस्तकात एक ओळ आहे, मी ती दर वर्षी फळ्यावर लिहिते. विषाणू सजीव आणि निर्जीव यांच्या सीमारेषेवर असतो. पेशीबाहेर तो नुसता कण, पेशीत शिरला की जिवंत असल्यासारखा वागतो. मी आईला तेच सांगितलं.

ती खिडकीबाहेर बघत होती. शेतांत कुठं कुठं पुन्हा कपाशी लावलेली दिसत होती.

"मंग इतके वर्सं मी जगली," ती म्हणाली, "तं तोही माह्यासंगंच जगला म्हनाचं."

मी हो म्हणाले.